दातांची निगा: दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवायला लागून मला २२ वर्षं झाली. पेशंट खुर्चीत बसून विचारतात, त्यांच्या सुना-लेकी रात्री व्हॉट्सॲपवर विचारतात, आणि प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, तेवढं उत्तर वाचा. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. रोज सकाळी घासतो. रात्रीपण घासायलाच हवेत का?

हो. आणि दोन्हीपैकी एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची ठेवा. दिवसभर तोंडात लाळ सुटत असते. ती अन्नाचे कण धुऊन नेते, आम्ल सौम्य करते आणि दाताच्या वरच्या थरातून झिरपून गेलेलं कॅल्शियम परत भरून काढते. झोपेत लाळ फारच कमी होते. मग जेवणातला भात, पोळी, त्यावर घेतलेलं साखरेचं दूध, सगळं सहा-सात तास दातांना चिकटून राहतं. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. बडीशेप-खडीसाखर, हळदीचं दूध, खोकल्याचं गोड औषध, जे काही असेल ते आधी.

२. सकाळी चहाच्या आधी घासायचे की नाश्त्यानंतर?

दोन्ही चालतं. आपल्याकडे तोंड धुतल्याशिवाय चहा घ्यायचा नाही ही रीत आहे आणि ती चांगली आहे. फक्त एक सांभाळा. लिंबू, चिंच, कैरी, संत्र असं आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, तेव्हा दाताचा वरचा थर आम्लाने खरंच थोडा मऊ पडलेला असतो. त्यावर ब्रश फिरवला तर झीज होते. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

३. ब्रश नेमका कसा फिरवायचा? मी तर जोर लावून घासतो, तरी कीड लागतेच.

जोरामुळेच नुकसान होतं. मी रोज असे दात बघते: हिरडीला लागून, दाताच्या मुळाशी, कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी आडवी खाच. उजव्या हाताने घासणाऱ्यांना ती बहुधा डाव्या बाजूच्या सुळ्याजवळ आणि त्यामागच्या दाढांवर जास्त असते, कारण तिथे हाताचा जोर पूर्ण लागतो. तिथे मग गार पाणी लागलं की शिवशिवतं.

सॉफ्ट ब्रश घ्या. तो पेन धरल्यासारखा बोटांत धरा, मुठीत नको. केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर तिरके टेकवा, साधारण ४५ अंशांत. जागच्या जागी अगदी लहान लहान हलवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. आधी सगळी बाहेरची बाजू, मग आतली, मग चावायची. पूर्ण दोन मिनिटं. घड्याळ लावून एकदा बघा, आजवर तुम्ही चाळीस सेकंदांत उरकत होता हे लक्षात येईल.

दोन जागा जवळजवळ सगळ्यांच्या सुटतात. खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडची बाजू, तिथे ब्रश उभा धरावा लागतो. आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू, तिथे तोंड थोडं मिटून घेतलं की गाल सैल पडतो आणि ब्रश आत जातो. शेवटी जिभेवरून दोन-तीनदा हलक्या हाताने ब्रश किंवा उलणी (जीभ साफ करायची पट्टी) फिरवा.

ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचा. महिन्याभरातच केस दोन्हीकडे फाकले असतील तर जोर जास्त लागतोय. बॅटरीचा ब्रश चांगला आहे, पण सक्तीचा नाही. संधिवाताने बोटं वळत नाहीत अशा आजी-आजोबांना मात्र तो घेऊन द्याच.

४. पेस्ट कुठली चांगली? लाल, हिरवी, मिठाची, आयुर्वेदिक?

रंग आणि जाहिरात सोडा, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरं वाचा. फ्लोराइड आहे का आणि किती, एवढंच बघायचं. आपल्याकडे कायद्याने पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या) वर नेता येत नाही आणि असेल तर ते ट्यूबवर छापावं लागतं. प्रौढ माणसासाठी १००० च्या जवळपासची कुठलीही पेस्ट चालेल. फ्लोराइड दाताच्या वरच्या थरात मुरतं आणि तो आम्लाला जास्त दाद देत नाही. कीड रोखण्याचा याहून भक्कम पुरावा असलेलं दुसरं काही पेस्टमध्ये नसतं.

घासून झाल्यावर फेस थुंका, पण भसाभसा पाण्याने चुळा भरू नका. पेस्टचा जो पातळ थर राहतो तोच काम करतो. पहिले चार दिवस हे विचित्र वाटतं, मग सवय होते. लहान मुलांना पेस्ट किती द्यायची ते प्रश्न १४ मध्ये. पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या गावांसाठी प्रश्न १५.

५. आजोबा राखुंडी आणि कडुनिंबाच्या काडीवर ९० वर्षं जगले, दात शाबूत. मग आम्हाला ब्रश कशाला?

आजोबांच्या ताटात काय होतं ते आठवा. भाकरी, हुरडा, ऊस दाताने सोलून खाणं. बिस्किटाचा पुडा आणि दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा त्यांच्या वाट्याला नव्हता. त्यांचे दात मुख्यतः त्यामुळे टिकले.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून तिचा कुंचला केला तर दाताची बाहेरची बाजू चांगली साफ होते. आतली बाजू आणि दाढांच्या फटी राहतात. शिवाय त्यात फ्लोराइड नाही. कोळसा, राख, विटेची पूड, नुसतं मीठ यांनी मात्र दात खरवडला जातो. घासल्यावर दात चकचकीत दिसतो, पण वर्षानुवर्षं घासून वरचा पांढरा थर गेला की आतला पिवळा भाग दिसू लागतो, आणि तो गेलेला थर शरीर पुन्हा तयार करत नाही. हल्ली महाग डबीत काळी कोळशाची पावडर मिळते, तिलाही हेच लागू.

६. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. दातांना तर ती चांगलीच ना?

हा प्रश्न मला बायकाच विचारतात, बहुतेक वेळा खुर्चीतून उठता उठता, आवाज खाली आणून. म्हणून सविस्तर सांगते.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दुसरं काही नाही. ती लावल्यावर पोटाला कळ येते ती निकोटिनमुळे, आणि सकाळी न लावल्यास डोकं दुखतं, चिडचिड होते तेही निकोटिनच्या सवयीमुळे. दात दुखायचा थांबतो असं वाटतं, कारण ती जागा बधिर होते. खाली कीड वाढतच राहते. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली ती याच कारणाने, लोक दात साफ करायच्या नावाखाली तंबाखूच्या आहारी जात होते.

मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी यांतलं काहीही लावत किंवा खात असाल तर महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभ्या राहा. गालाची आतली बाजू, ओठ आणि हिरडीमधली खाच, जिभेच्या कडा बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे होऊन न भरलेली जखम, तिखट अजिबात सहन न होणं, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. मग तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर तोंड आवळायला लागलं आहे, आणि हे बहुतेकदा सुपारीमुळे होतं. अशा तोंडात कर्करोगाचा धोका जास्त असतो.

सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. एकदम जमत नाही म्हणून लाजू नका. माझ्याकडच्या एका काकूंनी चौथ्या खेपेला सोडली. आता पोटासाठी सकाळी कोमट पाणी पितात, आणि पोट साफ होतं.

७. दाढेत अन्न अडकतं. दातकोरण्याने काढलं तर चालेल ना?

कधीतरी, हलक्या हाताने चालेल. रोज नको, आणि टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी कधीच नको. दोन दातांच्या मधली हिरडी नाजूक असते. ती टोचून टोचून खाली गेली की फट मोठी होते आणि आणखी अडकतं.

फटी घट्ट असतील तर दातांचा दोरा, म्हणजे फ्लॉस. हातभर लांब तोडा, दोन्ही बोटांना गुंडाळा, करवतीसारखा पुढे-मागे करत आत सरकवा आणि प्रत्येक दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली करा. शिवणाचा दोरा वापरू नका, तो तुटून आत राहतो. फटी मोठ्या असतील, ब्रिज किंवा तारा बसवलेल्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटासा ब्रश मिळतो, तो जास्त सोपा. दिवसातून एकदा, रात्री, ब्रशच्या आधी.

नेहमी एकाच जागी अडकत असेल तर तो दवाखान्याचा विषय आहे. तिथे बहुधा दोन दातांच्या मधोमध कीड असते, जी आरशात दिसत नाही आणि एक्स-रेमध्ये दिसते.

८. माउथवॉश रोज वापरू का? आणि तेलाच्या गुळण्या?

रोज गरज नाही. क्लोरहेक्सिडिन असलेलं औषधी माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढेच दिवस, साधारण दोन आठवडे. जास्त वापरलं तर दात तपकिरी पडतात आणि चव जाते. पेस्टने घासल्यावर लगेच वापरू नका, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळे त्याची ताकद कमी होते. अर्धा तास मध्ये ठेवा.

तेलाच्या गुळण्या आयुर्वेदात सांगितलेल्या आहेत. कोरडं तोंड मऊ राहतं, अपाय नाही. फक्त ब्रशऐवजी नको, ब्रशशिवाय वेगळ्या. जेवणानंतर चूळ भरायची आपली जुनी सवय मला या सगळ्यापेक्षा मोलाची वाटते. ऑफिसात आणि शाळेत ती सुटत चालली आहे.

९. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून त्या बाजूला घासणं बंद केलंय. बरोबर ना?

नेमकं उलट करायला हवं. दाताच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर साचला की हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीला नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. घासणं बंद केलं की थर वाढतो, सूज वाढते.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. हिरड्या निरोगी असलेल्या तरुणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासायचं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज तुमच्या हातांनी जाते. सॉफ्ट ब्रशने त्याच जागी, हलक्या हाताने, रोज दोनदा घासा. आठ-दहा दिवसांत रक्त थांबलं पाहिजे.

थांबलं नाही तर तिथे किटण चढलं आहे, ते ब्रशने निघत नाही (प्रश्न १०). हिरड्यांच्या आजारात दुखत नाही. दात हलायला लागेपर्यंत माणूस निवांत असतो, आणि तोवर दाताला धरून ठेवणारं हाड झिजलेलं असतं. ते परत येत नाही. म्हणून बेसिनमध्ये थुंकल्यावर दिसलेला गुलाबी रंग ही वेळेवर मिळालेली सूचना समजा.

सूज नीट घासूनही जात नसेल तर काही औषधं आठवा. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, फिट्सवरची फेनिटॉइन अशा गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना सांगा. साखर तपासून घ्या (प्रश्न १७).

१०. स्केलिंग केल्यावर दात सैल होतात, फटी पडतात असं सगळे म्हणतात. खरं का?

लोकांना जे दिसतं ते खोटं नसतं, त्याचं कारण वेगळं असतं. लाळेतल्या क्षारांनी जंतूंचा थर कडक होतो, त्याला किटण म्हणतात. खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात आधी चढतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. वर्षानुवर्षं साचलं की दोन दातांच्या मधली जागा ते सिमेंटसारखी भरून टाकतं. हिरडी खाली सरकते, हाड झिजतं, पण किटणामुळे दात एकमेकांना चिकटून पक्के वाटतात.

स्केलिंगमध्ये ते काढलं की जिभेला फट लागते. ती फट आधीपासून होती, फक्त भरलेली होती. हलायचा तो दातही आधीच सैल झालेला असतो. गेल्या पावसाळ्यात एका काकांचं किटण काढलं, तेव्हा खालच्या चार दातांमागून एकसंध पट्टी निघाली, बोटाच्या पेराएवढी. ती मी त्यांच्या हातावर ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले.

स्केलिंगचं यंत्र खरवडत नाही. त्याचं टोक खूप वेगाने थरथरतं, त्याने किटण सुटतं आणि सोबत पाण्याचा फवारा ते धुऊन नेतो. दाताचा थर निघत नाही. नंतर दोन-चार दिवस गार-गरम शिवशिवतं, कारण झाकलेलं मूळ उघडं पडलेलं असतं. कमी होतं. दहा दिवसांच्या वर राहिलं तर परत दाखवा.

११. काही त्रास नाही, तरी दाखवायला यायचं का? किती दिवसांनी?

बहुतेकांनी वर्षातून एक-दोनदा. मधुमेह, तंबाखू, तारा बसवलेल्या, हिरड्यांचा जुना आजार असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी कधीच कीड लागली नाही अशा तरुणाला वर्षातून एकदा पुरे. तपासणीत मी दातांबरोबर गाल, जीभ, टाळूही बघते, ती वेळ पाच मिनिटांची असते.

१२. दाढ ठणकत होती, लवंगेचं तेल लावलं, थांबली. आता कशाला भरायची?

लवंगेच्या तेलाने जागा तात्पुरती बधिर होते. एखादा थेंब कापसावर घेऊन रात्र काढायला हरकत नाही. जास्त ओतलं तर हिरडी भाजते. ठणका थांबावा म्हणून दाढेशी तंबाखू, ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका. ॲस्पिरिनने गाल पांढरा होऊन सोलपटतो, मी कितीदा बघितलंय.

आता मुख्य मुद्दा. आधी गारने शिवशिवत होतं, मग गरमने ठणकू लागलं, रात्री झोप उडाली, आणि एक दिवस अचानक सगळं शांत झालं असेल, तर दाढ बरी झालेली नाही. आतली नस मेली आहे. जंतू मुळाच्या टोकाकडे निघाले आहेत. पुढची पायरी म्हणजे हिरडीवर पुळी, पू, गाल सुजणं. शिवशिव होती तेव्हा साधी फिलिंग पुरली असती, आता रूट कॅनाल आणि कॅप लागेल, आणखी थांबलात तर दाढ काढावी लागेल. कीड खर्च वाढवत नेते, हे कळकळीने सांगते.

गाल सुजून डोळ्याकडे किंवा मानेकडे सूज सरकत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळता येत नसेल तर दवाखाना उघडायची वाट बघू नका, मोठ्या रुग्णालयात जा.

आणि वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही भीती मनातून काढून टाका. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगवेगळी आहे. त्या भीतीने पू झालेली दाढ तोंडात ठेवून फिरणारे लोक मी पाहते, त्याने त्यांचंच नुकसान होतं.

१३. गोड बंद करायचं का? सणावारी कसं?

पुरणपोळी जेवणात खा, मोदक खा. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना महत्त्वाचं आहे. प्रत्येक गोड घासानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. जेवणासोबत एकदा खाल्लं तर एकदाच आम्ल. तिळाची वडी खिशात ठेवून दिवसभर चघळली तर दिवसभर. चिक्की, खजूर, गूळ, चॉकलेट, बिस्किट हे चिकटणारे पदार्थ जास्त त्रास देतात. गूळ नैसर्गिक म्हणून दातांना चालतो असं नाही. उपवासाचा साबुदाणाही स्टार्चच.

१४. दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची कीड कशाला भरायची? पेस्ट कधीपासून?

दुधाच्या शेवटच्या दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. इतकी वर्षं मूल ठणकणाऱ्या दाढेने जेवणार का? शिवाय त्या आधीच काढल्या तर बाजूचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तेव्हापासून घासायचं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी, थुंकायला शिकवत. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने घासल्यावर आईबाबांनी पुन्हा घासायचं. बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. वरचे पुढचे चार दात त्यानेच काळे पडून मोडतात. चोखणीला मध लावणं तर नकोच, एक वर्षाखालच्या बाळाला मध देणंच धोक्याचं आहे.

सगळ्यात जास्त चूक होते ती सहाव्या वर्षी. तेव्हा दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. काही पडलेलं नसतं, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. आठव्या वर्षी त्या दाढेत भोक घेऊन मूल येतं आणि आई म्हणते, पडेल ना ती. मुलगा-मुलगी सहा वर्षांची झाली की टॉर्च लावून मागे बघा, दोन्ही बाजूंना वर एक, खाली एक, मिळून चार दाढा. खोल खाचा असतील तर त्या सीलंटने बुजवून घेता येतात, दुखत नाही.

१५. आमच्या गावात सगळ्यांचेच दात पिवळे-तपकिरी आहेत. कितीही घासलं तरी जात नाहीत. फ्लोराइडची पेस्ट तरी वापरू का?

नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत विंधन विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त पाणी लहानपणी पोटात गेलं तर तयार होत असलेल्या दातांवर पांढरे चट्टे, तपकिरी डाग, खड्डे पडतात. हे घासायच्या आळसाने होत नाही. आठ वर्षांच्या पुढे नव्याने असे डाग पडत नाहीत.

मोठ्यांनी पेस्ट वापरावी, ती थुंकली जाते. सहा वर्षांखालच्या मुलांना अशा गावांत पेस्ट डॉक्टरांना विचारूनच. खरा उपाय पाण्याचा आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं. आरओने कमी होतं. ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा, तो तुमचा हक्क आहे. असलेले डाग दवाखान्यात बऱ्यापैकी झाकता येतात.

१६. गरोदर आहे. सासूबाई म्हणतात आता दाताचं काही करायचं नाही.

सासूबाईंना काळजी वाटते ते समजतं, पण हिरड्यांचा संसर्ग नऊ महिने ठेवणं चांगलं नाही. चौथा ते सहावा महिना साफसफाई आणि फिलिंगला सोयीचा. असह्य दुखत असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार होतो. दात बधिर करायचं नेहमीचं इंजेक्शन चालतं, गरज पडल्यास संरक्षक ॲप्रन घालून एक्स-रेही. मेडिकलमधून गोळी मात्र स्वतः घेऊ नका. टेट्रासायक्लिनसारख्या औषधांनी बाळाच्या दातांवर डाग पडतात. उलट्या होत असतील तर लगेच घासू नका, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा.

१७. शुगर आहे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. दात काढता येईल का?

येतो, पण सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन या. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही आणि हिरड्या सुजतात. सुजलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही, दोन्ही एकमेकांना खेचतात. नाश्ता आणि गोळी घेऊन सकाळची वेळ घ्या.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन स्वतःहून बंद करू नका. स्टेंटची गोळी थांबवून होणारा धोका दाताच्या रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. हृदयाची झडप बदललेली असेल तर हिरडीतून रक्त येईल अशा कामाआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. हाडं ठिसूळ झाल्यावर घेतात त्या गोळ्या किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तेही सांगा. त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड कधीकधी भरत नाही. तोंडाला किंवा मानेला रेडिएशन होणार असेल तर दातांचं काम आधी उरका.

१८. खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. आता?

कायमचा दात असेल तर तो परत बसू शकतो, पहिला अर्धा तास मोलाचा. दात पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका. जमलं तर तिथल्या तिथे खाचेत बसवून रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर थंड दुधाच्या कपात टाकून थेट दवाखान्यात. कोरड्या कागदात गुंडाळून आणू नका. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही, पण दाखवून घ्या.

१९. डॉक्टर खरे आहेत का, हत्यारं स्वच्छ आहेत का, कसं ओळखायचं? आणि परवडत नसेल तर?

भिंतीवर बीडीएस किंवा एमडीएसची पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. आठवडी बाजारात चादर पसरून तासाभरात दात बसवणाऱ्याकडे जाऊ नका. तो शेजारच्या चांगल्या दातांना तारेने आणि प्लास्टिकने चिकटवतो, खाली हिरडी सडते.

हत्यारांबद्दल बिनधास्त विचारा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली ती निर्जंतुक होतात. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला दिसतो. मला कुणी विचारलं तर आनंदच होतो.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीला. वेळ जास्त लागतो, काम नीट होतं. मुलाकडे परदेशी काही महिने जाणाऱ्यांनी जाण्याआधी तपासून घ्या, प्रवासाच्या विम्यात दातांचं नेहमीचं काम सहसा धरत नाहीत.

२०. कवळी रात्री काढायलाच हवी का?

हो. हिरड्यांना मोकळं राहू द्या, नाहीतर टाळूला लाल बुरशी येते. ब्रशने साबण लावून घासा, पेस्टने नको, चरे पडतात. खाली पाण्याचं घमेलं ठेवा म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री साध्या पाण्यात. गरम पाण्यात ती वाकडी होते. ढिली झाली तर दाखवा, घरी कानशीने घासू नका.

२१. आई अंथरुणाला खिळली आहे, चूळही भरता येत नाही. तिचे दात कसे घासायचे?

तिला उशीने थोडं उठवून बसवा. बसता येत नसेल तर कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल. निजल्या-निजल्या, चेहरा वर ठेवून घासलं तर पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. आधी बोलून सांगा की आता दात घासतोय. ओठांना थोडं साजूक तूप लावा, कोरडे ओठ फाटतात.

लहान मुलांचा सॉफ्ट ब्रश घ्या, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. तुम्ही तिच्या मागे किंवा बाजूला बसा, एका हाताने हनुवटी धरा, बोटाने गाल बाजूला करा. फेस ओल्या, पिळून काढलेल्या मऊ कापडाने पुसत राहा. दात नसतील तर तेच कापड बोटाला गुंडाळून हिरड्या, टाळू आणि जीभ पुसा. बोट दातांच्या मध्ये नेऊ नका, नकळत चावा बसतो. दिवसातून दोनदा जमलं तर उत्तम, एकदाच जमलं तर संध्याकाळचं जेवण झाल्यावर. जेवता जेवता एकाएकी तोंड फिरवायला लागली, एका बाजूनेच चावायला लागली, तर तिला सांगता येत नसलं तरी आत काहीतरी दुखतंय. त्या दिवशी टॉर्च घेऊन बघा, आणि आम्हाला फोन करा. अशा पेशंटसाठी आम्ही घरी येतो.